कॅनच्या लांब गाण्यांतले सांधे ऐकू का येत नाहीत?

सांधेजोड:
कोलोनच्या कॅन या बँडबद्दल दोन प्रश्न. ‘यू डू राइट’ किंवा ‘हालेलुवा’ ही गाणी सलग वाजवलेली आहेत, की कापून जोडलेली? आणि आमच्या तासाभराच्या वादनातून बारा मिनिटं काढताना दर जोडाला ठेच का लागते? क्लिक (कानात वाजणारा लयीचा ठोका) न लावता वाजवलंय, सगळं दोन ट्रॅकवर मिसळूनच ध्वनिमुद्रित झालंय. क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढतो तो काळ) ५०० मिलिसेकंदांपर्यंत वाढवला, तर किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) दोनदा ऐकू येते.

रीळ३८:
कापून जोडलेली. ‘मॉन्स्टर मूव्ही’ (१९६९) आणि ‘टागो मागो’ (१९७१) हे दोन्ही अल्बम कोलोनजवळच्या नॉर्व्हेनिखच्या गढीत, दोन ट्रॅकवर झाले. ‘यू डू राइट’ची वीस मिनिटं कित्येक तासांच्या वादनातून निघालीत. कात्री होल्गर चुकायच्या हाती, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याच्याच. तो आणि कीबोर्डवरचा इर्मिन श्मिट दोघेही जर्मन संगीतकार श्टॉकहाउझनकडे शिकलेले, त्यामुळे फीत कापणं हेसुद्धा रचनेचंच काम, हे त्यांना कुणी पटवून द्यायला नको होतं.

दोन ट्रॅक म्हणजे नंतर मिक्स करायची सोयच नाही. ड्रम मोठा झाला तर तो मोठाच राहणार. वर काही चढवायचं तर एका यंत्रावरून दुसऱ्यावर कॉपी करा, आणि अशा एका कॉपीत फितीची खरखर साधारण ३ डेसिबलनं वाढते. म्हणून वाजवतानाच एकमेकांना जागा करून द्यावी लागे.

आता तुमची ठेच. पाव इंची फीत ४५ अंशांत कापली की काप लांबीच्या दिशेनं ६.३ मिमी पसरतो. सेकंदाला ३८ सेंमी वेगानं तो जेमतेम १७ मिलिसेकंदांत हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) जातो. तुमचे ५०० त्याच्या तीसपट! तेवढ्या वेळात दोन्ही तुकड्यांतल्या किक मावतात आणि त्या तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून दोनदा ऐकू येतं. काप किकच्या ठोक्याआधी ५ ते १० मिलिसेकंदांवर घ्या, फेड ठोका पडायच्या आत संपवा. पुढचं झाकायचं काम ठोकाच करतो.

समेवर:
वरचं बरोबर, पण अर्धंच. ठेच बहुधा लयीची आहे. क्लिक नसेल तर पाचव्या मिनिटाला ९८ (म्हणजे मिनिटाला ९८ ठोके) असलेली लय चाळिसाव्याला सहज १०४ होते. असे दोन तुकडे जोडले की कितीही सफाईनं कापा, ऐकणारा अडखळणारच. आधी दर दोन मिनिटांनी लय मोजून कागदावर मांडा, आणि एक-दोन ठोक्यांच्या फरकातलेच तुकडे एकमेकांना जोडा. लय ताणून जुळवायच्या फंदात पडू नका, ड्रमच्या ठोक्याची धार जाते. फरक जास्तच असेल तर मध्ये ठेका नसलेला भाग घाला.

कॅनला हे जमलं ते याकी लीबेत्साइटमुळे. फ्री जॅझ सोडून आलेला हा ड्रमर ‘हालेलुवा’त साडेअठरा मिनिटं, म्हणजे तबकडीची अख्खी बाजू, एकाच आवर्तनाला चिकटून राहतो. प्रत्येक सम आधीच्या समेसारखी असेल तर कुठूनही उचला, कुठेही लावा. चुकायच्या कात्रीचं कौतुक होतं ते होऊ दे, पण फीत कापण्याजोगी केली ती ड्रमरनं.

झांजेकडे लक्ष ठेवा. क्रॅश (जोरात वाजवायची मोठी झांज) वाजल्यावर लगेच कापलं की तिची शेपूट तुटते आणि काप उघडा पडतो. आधीच्या दोन आवर्तनांत क्रॅश नाही अशी जागा शोधा, किंवा पुढचा तुकडा क्रॅशनंच सुरू होऊ द्या. बेसचा लांबवलेला सूर मध्येच कापू नका.

जुनीतबकडी:
एक दुरुस्ती. या पद्धतीचं सगळं श्रेय कॅनला देणं अतिशयोक्तीचं आहे. ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून संगीत रचण्याचं काम फ्रेंच संगीतकार पिएर शेफर १९४८ पासून, आधी तबकड्यांवर आणि नंतर फितीवर, करत होता, आणि जॅझवादक माइल्स डेव्हिसचा निर्माता टिओ मासेरो त्याचा ‘बिचेस ब्रू’ (१९७०) हा अल्बम असाच सांधत होता. कॅननं ते नाचता येईल अशा ठेक्यावर बसवलं.

सगळंच लांब होतं असंही नाही. ‘स्पून’ हे तीन मिनिटांचं गाणं, टीव्हीवरच्या रहस्यमालिकेसाठी केलेलं, जर्मनीतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेलं. त्यात लीबेत्साइटच्या जोडीला ताल-यंत्र आहे, हे ऐकून पाहाच. डिसेंबर १९७१ पासून कॅनचे वादक कोलोनजवळच्या वायलरस्विस्टच्या जुन्या चित्रपटगृहात काम करत, भिंतींना लष्कराच्या १५०० गाद्या. १९७५ च्या ‘लँडेड’पासून सोळा ट्रॅक आले. मग चुका नंतर झाकता येऊ लागल्या आणि माझ्या मते तिथूनच वादनातली सावधता गेली.

प्रभाव म्हणाल तर टेक्सासच्या स्पून बँडनं नावच या गाण्यावरून घेतलं, आणि द फॉल या ब्रिटिश बँडनं १९८५ मध्ये कॅनचा गायक डामो सुझुकी याच्या नावाचं गाणं केलं.

सांधेजोड:
लय मोजली. ९६ आणि १०३ निघाली. मधला ठेका नसलेला भाग किती लांब हवा?

समेवर:
आधीची लय कानातून जाईपर्यंत. २० सेकंदांपासून सुरुवात करा. नवा तुकडा मात्र नुसत्या ड्रमनं सुरू करा, बेस दोन आवर्तनांनंतर येऊ दे.