मदत हवी आहे: छोट्या फायरवॉलला आणखी दोन लॅन पोर्ट कसे वाढवायचे?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत छोटा फायरवॉल (इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामधला पहारेकरी डबा) आहे, बिनपंख्याचा, अॅल्युमिनियमच्या डब्यातला. पोर्ट तीनच आणि तिन्ही भरलेत. मला आणखी दोन हवेत, एक सीसीटीव्हीला, एक मुलांच्या वायफायला. झाकण उघडून पाहिलं, आत कार्ड बसवायला जागा दिसते. कोणतं कार्ड घेऊ? यूएसबीचा अडॅप्टर चालेल का? कॅमेरेवाला सोमवारी येतोय, त्याच्या आत हे व्हायला हवं. नवा राउटर घ्या असं कृपया सांगू नका, खर्च समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो.

वायरमन७७
डबा कुठला? आत सॉफ्टवेअर काय? तीन पोर्टांना काय काय जोडलंय? पेशंट न बघता औषध कसं द्यायचं?

सह्यकडा
वायफायची रेंज कमी पडत असेल तर मेश (एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे) घ्या. आमच्या जुन्या वाड्यात दगडी भिंती आहेत, तीन नग लावले, आता परसातसुद्धा फुल रेंज येते.

कृष्णाकाठ
रेंजचा प्रश्नच नाहीये. डबा पीसी इंजिन्सचा एपीयू-२, ४ जीबीवाला. त्यावर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर चालतं. एका पोर्टवर फायबर, दुसऱ्यावर दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन (एक बंद पडलं की दुसरं), तिसऱ्यावर स्विच. कार्डाचं सांगा ना.

वायरमन७७
आता बोलता येईल. या बोर्डावर मिनी पीसीआय एक्स्प्रेसचे दोन स्लॉट आहेत आणि शेजारी तसाच दिसणारा एमसॅटाचा. एमसॅटात नेटवर्क कार्ड चालत नाही, ती जागा डिस्कची. कार्ड घ्यायचं तर इंटेल आय-२१० चिपचं घ्या. बोर्डावरचे तिन्ही पोर्टही इंटेलचेच आहेत, त्यामुळे ड्रायव्हरची कटकट नाही. या कार्डांना पोर्ट थेट नसतो. कार्डातून बारीक केबल निघते आणि तिच्या टोकाला छोट्या पट्टीवर पोर्ट असतो. तो बाहेर काढायला डब्याला चौकोनी खाच पाडावी लागते, कारण मागे फक्त अँटेनाची गोल भोकं असतात. खाच पाडायची तर बोर्ड आधी बाहेर काढा. अॅल्युमिनियमचा कीस आत पडला तर बोर्ड शॉर्ट होईल. बोर्ड काढताना हेही बघा की प्रोसेसर खालच्या बाजूला आहे आणि त्याची उष्णता पॅडमधून डब्याच्या तळाला जाते. पॅड नीट बसला नाही तर डबा तापून बंद पडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिरियल केबल (डबा थेट कॉम्प्युटरला जोडून त्याचे संदेश बघायची) आहे का तुमच्याकडे?

कृष्णाकाठ
ती कशाला? मी सगळं ब्राउझरमधून करतो.

वायरमन७७
कारण या डब्याला स्क्रीनचा पोर्टच नाही. आत आयजीबी०, आयजीबी१, आयजीबी२ अशी पोर्टांची नावं असतात. नवं इंटेल कार्ड घातलं की क्रमांक सरकू शकतात. मग काल जो लॅन होता तो आज फायबरचा पोर्ट होऊन बसतो आणि ब्राउझरमधून आत जाता येत नाही. पोर्टांचा मेळ बसला नाही तर पीएफसेन्स सुरू होतानाच थांबतं आणि विचारतं, कोणता पोर्ट कशाला? तो प्रश्न फक्त सिरियलवर दिसतो. सिरियल केबल नल मोडेम प्रकारची घ्या, वेग १,१५,२०० ठेवा. ती हाताशी नसेल तर झाकण उघडू नका.

ओपनवाला
एवढा खटाटोप कशाला? डब्याला यूएसबी ३ चे दोन पोर्ट आहेत. दोन गिगाबिट अडॅप्टर लावा आणि पीएफसेन्स काढून ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवरचं सॉफ्टवेअर टाका. माझ्याकडे रिअलटेक ८१५३ चिपचा अडॅप्टर महिनोन्महिने अखंड चालतोय.

वायरमन७७
तुमच्याकडे चालतोय तो लिनक्सवर. पीएफसेन्सच्या खाली फ्रीबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिथे यूएसबीचे लॅन अडॅप्टर भरवशाचे नाहीत, लोड आला की मधूनच गायब होतात. जिथे मुलं दिवसभर परीक्षेचे फॉर्म भरतात आणि व्हिडिओ लेक्चर बघतात, तिथे असलं काही लावू नका. शिवाय बाहेर लोंबणारा अडॅप्टर साफसफाईत कुणीतरी उपटणार.

ओपनवाला
म्हणून तर म्हणतोय, सॉफ्टवेअर बदला. जुन्या हार्डवेअरवर लिनक्स हलकं चालतं. दोष अडॅप्टरचा नाही.

वायरमन७७
सोमवारच्या आत चालू फायरवॉल पुसून नवं बसवायला सांगताय? दोन कनेक्शनची अदलाबदल, नियम, सगळं पहिल्यापासून?

नेटकर_ताई
थांबा जरा दोघेही. कृष्णाकाठ, तुम्हाला पोर्ट हवेत की वेगळी नेटवर्कं हवीत? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी कॉलेजचं नेटवर्क सांभाळते, तिथे फायरवॉलच्या एकाच पोर्टवर ऑफिस, लॅब, हॉस्टेल आणि कॅमेरे आहेत. व्हीलॅन वापरा, म्हणजे एकाच वायरीवर अनेक वेगळी नेटवर्कं. फायरवॉलमधून एकच वायर स्विचकडे जाते. त्या वायरीवरच्या प्रत्येक पॅकेटवर क्रमांकाचा टॅग असतो आणि स्विच त्यावरून ज्याचं त्याच्याकडे पोचवतो. तुमचा स्विच मॅनेज्ड आहे का?

कृष्णाकाठ
आठ पोर्टचा साधा आहे, सेटिंग काही नाही. पण ताई, एकाच वायरीवर सगळं टाकलं तर वेग वाटला जाणार ना? कॅमेरे आठ आहेत, ते दिवसरात्र चालणार.

नेटकर_ताई
साध्या स्विचवर हे होणार नाही. आठ पोर्टचा स्मार्ट स्विच अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो, बघताना ८०२.१क्यू (व्हीलॅनचं मानक) लिहिलंय का तेवढं पाहा.

वेगाचं म्हणाल तर एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस धरा. आठांचे ३२. वायर १००० ची, तीही दोन्ही दिशांना वेगवेगळी. आणि हे ३२ सुद्धा फायरवॉलपर्यंत येतच नाहीत. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये) होतं आणि दोघं एकाच व्हीलॅनमध्ये असतात, त्यांचं बोलणं स्विचमध्येच संपतं. एनव्हीआरला मागे स्वतःचे पीओई (नेटच्या वायरीतूनच वीज देणारे) पोर्ट असतील तर कॅमेरे थेट त्यालाच लागतील आणि स्विचकडे एनव्हीआरची एक वायर येईल. कुणी ऑफिसच्या पीसीवरून कॅमेरे बघेल तेव्हा तेवढाच भार फायरवॉलवर येईल. तुमची दोन्ही इंटरनेट कनेक्शन आहेत तशी वेगळ्या पोर्टवर राहू द्या. म्हणजे तीन पोर्ट पुरतात.

वायरमन७७
ताईंचं पटतं, पण एक आक्षेप आहे. सगळं एका स्विचवर आलं. तो गेला तर ऑफिस, कॅमेरे, वायफाय सगळं एकदम बसणार. वेगळे पोर्ट असते तर निदान कॅमेऱ्यांचं नेट चालू राहिलं असतं.

नेटकर_ताई
मान्य. म्हणून जुना स्विच टाकू नका. नवा गेला तर ऑफिसपुरतं त्यावर काम चालेल.

जुना_लाइनमन
सगळे पोर्टावर भांडताय, विजेचं कुणी बोलत नाही. कॅमेरे बाहेर आहेत ना? गेटवर, गच्चीवर? मे महिन्यात वळवाचा पाऊस कडाडून येतो तेव्हा तांब्याच्या लांब वायरीतून सर्ज (विजेचा अचानक लोंढा) आत येतो. थेट वीज पडायलाच हवी असं नाही, जवळपास पडली तरी पुरे. आधी कॅमेऱ्याचा पोर्ट जातो, मग स्विच, आणि नशीब वाईट असेल तर त्याला जोडलेला फायरवॉल. एपीयू-२ आता बनत नाही, बोर्ड गेला तर नवा आणायचा कुठून? गेटवरच्या कॅमेऱ्यासाठी फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारे डबे). काचेतून सर्ज येत नाही. ते परवडत नसेल तर निदान सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. बऱ्याच जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि मागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते.

सह्यकडा
लाइट गेल्यावर काय करता? राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा. आमच्याकडे दोन-तीन तास आरामात निघतात.

जुना_लाइनमन
हा डबा १२ व्होल्टवरच चालतो, त्यामुळे चालेल. पण मिनी यूपीएस २ अँपिअरचा हवा, आणि पिनचं माप बघून घ्या.

कृष्णाकाठ
लाइनमनकाका, गेटचा कॅमेरा खरंच लांब आहे, कॅमेरेवाल्याशी बोलतो. अध्यक्षांना फोन केला, स्विचला ते हो म्हणाले. उद्या आणतो. ताई, नेमकं काय करायचं सांगाल का? लॅन बंद पडलं तर मुलं ओरडतील.

नेटकर_ताई
आत्ताच्या लॅनला हात लावू नका. ते बिनटॅगचं आहे तसंच राहू दे. त्याच पोर्टवर दोन व्हीलॅन वाढवा, २० कॅमेऱ्यांना, ३० वायफायला. दोन्हींना वेगळी आयपी रेंज द्या आणि डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) चालू करा, ते आपोआप होत नाही. नव्या नेटवर्कवर पीएफसेन्स सगळं अडवून ठेवतं, त्यामुळे ३० ला ऑफिसकडे जायला मनाई आणि बाहेर जायला परवानगी, असे दोन नियम याच क्रमाने लिहा. पहिल्यात फायरवॉलचं लॉगिन पानही अडवा.

स्विचवर फायरवॉलच्या पोर्टला १ (म्हणजे आत्ताचं लॅन) बिनटॅग, २० आणि ३० टॅग. एनव्हीआरच्या पोर्टला फक्त २०, बिनटॅग, आणि १ मधून काढा. पीव्हीआयडी (पोर्टवर येणारं बिनटॅग पॅकेट कुठल्या व्हीलॅनचं ते ठरवणारा क्रमांक) वेगळ्या पानावर असतो, तिथेही २० करा. ते राहिलं तर एनव्हीआरचं बोलणं १ मध्ये जातं आणि तुम्ही तासभर फायरवॉलमध्ये चूक शोधत बसता. वायफायच्या पोर्टला तेच, ३० लावून. हात घालायच्या आधी पीएफसेन्सचा बॅकअप उतरवून घ्या.

वायरमन७७
टॅग आणि बिनटॅग एकाच वायरीवर मिसळणं मला पसंत नाही. सावकाश लॅनलाही १० द्या.

नेटकर_ताई
सावकाश, हो. सोमवारनंतर.

कृष्णाकाठ
झालं! एनव्हीआर २० मध्ये, मुलांचं वायफाय ३० मध्ये, ऑफिसचा प्रिंटर आता मुलांच्या मोबाइलवर दिसत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. अध्यक्षांना घरून मोबाइलवर कॅमेरे बघायचेत. कॅमेरेवाला म्हणतो फायरवॉलमध्ये पोर्ट उघडून द्या.

वायरमन७७
अजिबात उघडू नका. एनव्हीआरचं फर्मवेअर कुणी अपडेट करत नाही, बाहेरून दिवसरात्र टकटक सुरू होईल.

नेटकर_ताई
+१. पीएफसेन्समध्ये वायरगार्डचं (बाहेरून सुरक्षित आत यायचा खासगी रस्ता, व्हीपीएन) पॅकेज टाका, अध्यक्षांच्या फोनवर त्याचं अॅप, आणि तिथून फक्त एनव्हीआरच्या पत्त्याला परवानगी. आधी एक तपासा, फायबरवर तुम्हाला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळतो का? वॅनचा (इंटरनेटकडच्या पोर्टचा) पत्ता १०० ने सुरू होत असेल तर तो बहुधा कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तसं असेल तर इथे लिहा, मग वेगळा रस्ता काढावा लागेल.

कृष्णाकाठ
१०० नेच सुरू होतोय.