मानसशास्त्राची क्लेप परीक्षा घरी अभ्यास करून द्यावी का?

पारिजात (प्रश्न)

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. पुणे विद्यापीठातून बी.कॉम. होऊन मला चौदा वर्षे झाली आणि गेली तीन वर्षे मी एका पाळणाघरात सकाळच्या वेळेत काम करते. येत्या सप्टेंबरपासून घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या प्रवेशासाठी लागणारे विषय घ्यायला सुरुवात करायची, असे मी ठरवले आहे. त्या विषयांत प्राथमिक मानसशास्त्र, म्हणजे तिथल्या यादीतले 'जनरल सायकॉलॉजी', हा तीन क्रेडिटचा विषय आहे. वर्गात बसण्याऐवजी स्वतः अभ्यास करून कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेची क्लेप (कॉलेज-लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्राम) परीक्षा दिली, तर तीच क्रेडिट मिळतात, असे मला एका सहकारी बाईंनी सांगितले.

मानसशास्त्र मी कधीच शिकलेले नाही. बारावीला तो विषय आमच्या महाविद्यालयात होता, पण वाणिज्य शाखेत आम्ही तो घेतला नव्हता. इंग्रजी वाचायला मला अडचण येत नाही, मात्र परिभाषा डोक्यात राहत नाही. माझ्याकडे मेअखेरपर्यंत साधारण दहा आठवडे आहेत आणि रोज रात्री मुलगी झोपल्यावर दीड तास मिळतो. एवढ्या वेळात ही परीक्षा उत्तीर्ण होणे शक्य आहे का, अभ्यास कोणत्या पुस्तकातून आणि कसा करावा, आणि मुख्य म्हणजे हा मार्ग माझ्या बाबतीत योग्य आहे का, हे ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांनी कृपया सांगावे.

वाटसरू

पारिजात, पुस्तक उघडण्याच्या आधी एक काम करा. ज्या कॉलेजात तुम्हाला क्रेडिट हवी आहेत, तिथल्या समुपदेशकाला ईमेल पाठवा आणि उत्तर लेखी मागून घ्या. परीक्षा कॉलेज बोर्ड घेते, पण क्रेडिट देणे न देणे सर्वस्वी कॉलेजाच्या हातात असते. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेची शिफारस अशी आहे की २० ते ८० या मापावर ५० गुण मिळाले तर तीन सत्र-क्रेडिट द्यावीत. बरीच महाविद्यालये ती शिफारस मानतात, काही त्याहून जास्त गुण मागतात, आणि काही तर क्लेपची क्रेडिट घेतच नाहीत.

तुमच्या ईमेलमध्ये तीन प्रश्न स्पष्ट विचारा. किती गुण लागतात, हा पहिला. ही क्रेडिट नेमक्या 'जनरल सायकॉलॉजी' या विषयाच्या जागी धरली जातात की केवळ ऐच्छिक विषय म्हणून, हा दुसरा. आणि नर्सिंग विभागाला ती मान्य आहेत का, हा तिसरा. दुसरा प्रश्न मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझ्या एका मित्राला हीच ठेच लागली. त्याच्या कॉलेजने क्रेडिट दिली, परंतु ती ऐच्छिक रकान्यात टाकली आणि मूळ विषय त्याला पुन्हा पैसे भरून वर्गात बसून करावा लागला. त्याने आधी तोंडी चौकशी केली होती आणि त्याला 'हो, आम्ही क्लेप घेतो' एवढेच उत्तर मिळाले होते.

भारतातल्या पदवीचे मूल्यांकन तुम्ही करून घेतले असेल, तर तो अहवालही त्याच वेळी समुपदेशकाला दाखवा. तुमच्या बी.कॉम.मधले अर्थशास्त्र, गणित किंवा संवादकौशल्य यांसारखे विषय मान्य झाले, तर परीक्षा देऊन भरून काढण्याच्या विषयांची यादीच लहान होईल.

शाईपेन

मी ही परीक्षा दोनदा दिली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आधी परीक्षेचे स्वरूप सांगते. नव्वद मिनिटांत सुमारे ९५ बहुपर्यायी प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. त्यांतले काही प्रश्न केवळ चाचणीसाठी घातलेले असतात आणि गुणांत धरले जात नाहीत, पण ते कोणते हे आपल्याला कळत नाही. उत्तीर्णतेचे ५० म्हणजे ५० टक्के नव्हेत, कारण बरोबर उत्तरांची संख्या २० ते ८० या मापावर बदलून घेतली जाते. अभ्यासक्रमात मानसशास्त्राचा इतिहास व संशोधनपद्धती, मेंदू आणि मज्जासंस्था, संवेदना, जाणिवेच्या अवस्था, अध्ययन, स्मृती व विचार, प्रेरणा व भावना, विकास, व्यक्तिमत्त्व, मानसिक विकार, उपचार, सामाजिक मानसशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्रीय मापने असे सगळे येते. कोणत्याही एका प्रकरणाचा वाटा फार मोठा नाही. त्यामुळे एखादे प्रकरण अवघड वाटले म्हणून सोडून देण्यात काही अर्थ नसतो आणि एखादे आवडले म्हणून त्यातच रमण्यातही नसतो.

पहिल्या वेळी मला ४७ गुण मिळाले. मी आठ आठवडे नियमाने अभ्यास केला होता, व्याख्यानांचे सगळे व्हिडिओ पाहिले होते आणि पुस्तकाचे प्रत्येक पान पिवळ्या पेनाने रंगवले होते. वाचताना सगळे समजत होते. परीक्षेत मात्र दोन पर्याय सारखेच खरे वाटत, आणि पुस्तकातले ते पान डोळ्यांसमोर असूनही नेमका शब्द सापडत नसे. पुन्हा परीक्षा देण्यासाठी तीन महिने थांबावे लागते. त्या तीन महिन्यांत मी वाचन अर्ध्यावर आणले आणि आठवण्याचा सराव दुप्पट केला. एक प्रकरण वाचायचे, पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर आठवेल ते सारे लिहायचे आणि मग पुस्तक उघडून जे राहिले ते लाल शाईने भरायचे. तेच प्रकरण दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. दुसऱ्या वेळी ६१ मिळाले. विशेष म्हणजे ही गोष्ट याच अभ्यासक्रमाच्या स्मृतीच्या प्रकरणात लिहिलेली आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून विस्मरणाचा वेग दाखवला, आणि नुसत्या पुनर्वाचनापेक्षा स्वतःची चाचणी घेतल्याने माहिती जास्त काळ टिकते, हे पुढच्या संशोधनाने सिद्ध केले. मी ते पान पहिल्या वेळीही वाचले होते, पण ते माझ्या स्वतःच्या अभ्यासालाही लागू आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

तुमची परिभाषेची अडचण मला मनापासून समजते. माझा अनुभव असा की संकल्पना मराठीत समजून घ्यावी, रोजच्या जगण्यातले उदाहरण तिला जोडावे आणि मग इंग्रजी नाव त्या उदाहरणावर चिकटवावे. परीक्षेतले बरेच प्रश्न व्याख्या विचारत नाहीत. ते एक प्रसंग देतात आणि त्यातले तत्त्व ओळखायला सांगतात.

सर्वांत जास्त लोक जिथे चुकतात ते उदाहरण घेऊ. 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट', म्हणजे ऋण प्रबलन, म्हणजे शिक्षा नव्हे. प्रबलन म्हटले की वागणूक वाढते, शिक्षा म्हटले की ती कमी होते. धन आणि ऋण यांचा अर्थ चांगले आणि वाईट असा नसून काहीतरी दिले गेले की काढून घेतले गेले, एवढाच आहे. किराणा दुकानात पैसे देण्याच्या रांगेत मूल चॉकलेटसाठी रडते आणि आई वैतागून ते घेऊन देते, हा प्रसंग आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मुलाला रडल्यावर चॉकलेट मिळाले, म्हणून त्याचे रडणे पुढच्या वेळी वाढेल, हे धन प्रबलन झाले. आईने चॉकलेट दिल्याबरोबर कानाला नकोसे झालेले रडणे थांबले, म्हणून पुढच्या वेळी ती अधिक लवकर चॉकलेट देईल, हे ऋण प्रबलन झाले. दोघांचीही वागणूक वाढते आहे आणि दोघेही एकमेकांना शिकवत आहेत. हा एक प्रसंग नीट समजला की मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या अध्ययनाच्या प्रकरणातले निम्मे प्रश्न सुटतात.

दुसरी जोडी आपल्यासारख्या देश बदललेल्या माणसांना सहज कळण्यासारखी आहे. आपण भारतात तारीख लिहिताना आधी दिवस आणि मग महिना लिहितो, इथे आधी महिना लिहितात. इथे आल्यावर पहिली काही वर्षे हात आपोआप जुन्या पद्धतीने लिहितो, म्हणजे जुने शिकलेले नव्याच्या आड येते. हा 'प्रोॲक्टिव्ह इंटरफेरन्स'. पुढे कधी पुण्याच्या बँकेत अर्ज भरताना तुम्ही आधी महिना लिहिलात, तर नवे शिकलेले जुन्याच्या आड आले, आणि तो 'रेट्रोॲक्टिव्ह इंटरफेरन्स'. अशा पन्नास-साठ जोड्यांची एक वही करा. ब्रोका आणि वेर्निके (मेंदूतले भाषेचे दोन भाग), प्रयोगातले स्वतंत्र आणि परतंत्र चल, जेम्स-लांगे आणि कॅनन-बार्ड (भावनांविषयीचे दोन सिद्धांत), सहसंबंध आणि कार्यकारणभाव. परीक्षेतले फसवे पर्याय बहुधा अशाच जोड्यांतून येतात.

पुस्तकासाठी ओपनस्टॅक्सचे 'सायकॉलॉजी' हे पाठ्यपुस्तक संगणकावर मोफत वाचता येते आणि या परीक्षेला ते पुरते. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून स्वस्त पाठ्यपुस्तक घेणार असाल, तर ते २०१३ नंतरचे आहे याची खात्री करा, कारण त्या वर्षी मानसिक विकारांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती, डीएसएम-५, प्रसिद्ध झाली. तिच्यात ॲस्पर्गर हे वेगळे निदान राहिले नाही, ते ऑटिझमच्या एकाच पट्ट्यात घेतले गेले, आणि स्किझोफ्रेनियाचे जुने उपप्रकार काढून टाकले गेले. जुन्या पुस्तकातून विकारांचे प्रकरण पाठ केले, तर येत असलेले उत्तरही चुकते. मॉडर्न स्टेट्स या ना-नफा संस्थेचा या विषयाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमही पाहा. तो पूर्ण करणाऱ्यांना ती संस्था परीक्षाशुल्काचे व्हाउचर देते, त्यामुळे परीक्षेचे शुल्क वाचू शकते. त्यांचे चालू नियम मात्र संकेतस्थळावर वाचून घ्या.

दहा आठवडे, रोज दीड तास, हे पुरेसे आहे. शेवटचे दोन आठवडे नवीन काहीही वाचू नका. वेळ लावून पूर्ण सराव-परीक्षा सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तो का चुकला, याचे एक वाक्य लिहा.

मोगरा

मी स्वतः परिचारिका आहे आणि इथेच शिकले, म्हणून थोडे वेगळे मत मांडते. नर्सिंगच्या प्रवेशासाठी पुष्कळ ठिकाणी स्पर्धा असते, आणि काही महाविद्यालये पूर्वतयारीच्या विषयांतल्या श्रेणींवरून उमेदवारांचा क्रम लावतात. क्लेपमधून क्रेडिट मिळतात, श्रेणी मिळत नाही. म्हणजे मानसशास्त्रात तुम्हाला वर्गात सहज 'ए' मिळाला असता, तर तो तुमच्या सरासरीत धरला गेला असता. परीक्षेने तो विषय भरून निघतो, परंतु सरासरीला त्याचा उपयोग होत नाही. तुमच्या समुपदेशकाला हा चौथा प्रश्न अवश्य विचारा.

त्यापलीकडे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हा विषय केवळ उरकून टाकू नका. शस्त्रक्रियेनंतर वेदनेत असलेला माणूस का चिडतो, स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना सकाळचे जेवण आठवत नाही पण लग्नातली गाणी कशी आठवतात, मूल सुईला घाबरते तेव्हा ते कोणत्या वयात नेमके काय समजू शकते, हे सारे याच प्रकरणांत आहे. मला कामावर रोज सर्वांत जास्त उपयोगी पडलेला सैद्धांतिक विषय हाच आहे. घरी अभ्यास करा किंवा वर्गात बसा, पण विकास आणि स्मृती ही दोन प्रकरणे परीक्षेच्या गरजेपेक्षा थोडी जास्तच वाचा.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. वाटसरू आणि मोगरा यांनी सुचवलेले चारही प्रश्न मी ईमेलने विचारले आणि पाचव्या दिवशी लेखी उत्तर आले. ५० गुणांना तीन क्रेडिट मिळतात, ती 'जनरल सायकॉलॉजी' याच विषयाच्या जागी धरली जातात आणि नर्सिंग विभागाला मान्य आहेत. प्रवेशाचा क्रम ते शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या श्रेणींवर लावतात, मानसशास्त्राची श्रेणी त्यात मोजत नाहीत. म्हणून परीक्षा द्यायची, असे मी ठरवले आहे. त्यामुळे पहिल्या सत्रात शरीररचनेला पूर्ण वेळ देता येईल.

कोऱ्या कागदाची पद्धत कालपासून सुरू केली. मज्जापेशीचे प्रकरण वाचून मिटले आणि कागदावर जेमतेम सात ओळी उतरल्या. आधी वाईट वाटले, पण लाल शाईने भरलेला भाग आज सकाळी पाळणाघरात जाताना आपोआप आठवला. मोगरा, पाळणाघरातल्या तीन वर्षांच्या मुलांना पाहताना, मुलांच्या विचारविकासाचे टप्पे मांडणाऱ्या पियाजेंची प्रकरणे समोर उलगडतात, हेही तुमच्यामुळे लक्षात आले. उंच पेल्यातले दूध जास्त आहे, असे म्हणून भांडणारी दोन मुले माझ्या वर्गात रोज असतात.

एकच प्रश्न उरला आहे. परीक्षा घरून द्यावी की केंद्रावर जाऊन?

शाईपेन

दोन्ही मार्ग खुले आहेत. घरून दिल्यास पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतात आणि त्या वेळी खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, त्यामुळे लहान मुलगी घरात असताना मी तरी केंद्रच निवडेन. केंद्राचे वेगळे शुल्क असते, ते आधी विचारून घ्या. छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र सोबत लागते. त्यावरचे नाव आणि नोंदणीतले नाव तंतोतंत जुळले पाहिजे, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्यासारख्या बायकांनी हे आजच तपासावे. गुण परीक्षा संपताच पडद्यावर दिसतात. ते ज्या कॉलेजला पाठवायचे त्याचे नाव आधीच निवडून ठेवलेत, तर त्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत.

वेळेचे गणित असे ठेवा की पहिल्या फेरीत एका प्रश्नावर पाऊण मिनिटापेक्षा जास्त थांबायचे नाही. अडलेल्या प्रश्नाला पडद्यावरची खूण लावून पुढे जायचे, पण तिथेही एक अंदाजी उत्तर निवडूनच जायचे. दुसऱ्या फेरीसाठी मला सोळा मिनिटे उरली होती आणि खूण केलेले अकरा प्रश्न त्यात शांतपणे वाचून झाले.