पत्र्याच्या छताचं जुनं नाट्यगृह: आधी पैसा कुठे घालावा?

पांझराकाठ: राम राम मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमची नोंदणीकृत नाट्यसंस्था आहे, नफ्यासाठी नाही. एका सार्वजनिक न्यासाचं स्वातंत्र्यापूर्वीचं नाट्यगृह 11 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतंय. 300 खुर्च्या, सागवानी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे), वर पत्रा. भिंती विटा-चुन्याच्या, त्यावर मागाहून केलेला सिमेंटचा गिलावा फुगलाय. अहिराणी एकांकिका, वही गायन (खानदेशी लोककला) आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी तिथे व्हाव्यात ही इच्छा. आधी लाइट घ्यावेत की छत करावं?

रंगपट: दोन्ही नंतर, आधी कागद. सार्वजनिक न्यासाची इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते (1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम 36). विश्वस्तांचा नुसता ठराव पुरत नाही. विश्वस्त बदलले की वाद उभा राहतो आणि तुम्ही भिंतीत घातलेला पैसा भिंतीतच राहतो. परवानगी हातात येईपर्यंत जे उचलून नेता येईल तेवढंच घ्या.

देणग्या चेकने किंवा यूपीआयनेच घ्या. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतही तुमचं काम बसतं: कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृती आणि ऐतिहासिक इमारतींचं जतन दोन्ही आहे. फक्त असा निधी घेण्यासाठी लागणारी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी आधी करून ठेवा.

चुनकळी: भिंतीबद्दल. सिमेंट ओल आत कोंडतं, क्षार वर येतात आणि गिलावा फुगतो. सगळा खरवडून काढा, विटांमधले सांधे 15-20 मिलिमीटर खोल मोकळे करा. विरवलेला चुना निदान 15 दिवस पाण्याखाली मुरू द्या. मग 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली वाळू. एका थराला 10-12 मिलिमीटरच, दोन थरांत आठवडाभर अंतर. आपल्याकडे काम बिघडतं ते एप्रिल-मेमध्ये. चुना हवेतून घट्ट होतो, पण त्याला ओलावा लागतो. 44 अंशांत तो आधीच सुकतो आणि हात लावला की भुकटी पडते. दिवाळीनंतर सुरू करा, ओली गोणपाटं टांगा.

कैच्यांची टोकं भिंतीत जातात तिथे टोच्या खुपसून बघा. कुजतात ती तिथेच, आणि वाळवीच्या मातीच्या नळ्याही तिथेच दिसतात. मधला सागवान शाबूत असला तर पूर्ण कैची बदलू नका, टोकाला नवा तुकडा जोडता येतो.

तीनफेज: वायरिंगमध्ये काटकसर नको. 1,000 वॅटचे 24 पार (रंगमंचाचे दिवे) म्हणजे 24 किलोवॅट, तीन फेजवर वाटले तरी प्रत्येकी सुमारे 35 अँपिअर. डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) लावले की न्यूट्रलमधला (परतीच्या वायरीतला) प्रवाह एकमेकांत कटत नाही, म्हणून न्यूट्रल फेजएवढा जाड तरी हवाच. बारीक न्यूट्रल तापतो आणि जुन्या लाकडात आग तिथूनच लागते. एलईडी पार घेतले तर भार पाव हिश्श्यावर येतो. माइकच्या वायरी डिमरच्या वायरींना समांतर नेऊ नका, छेदायच्याच असतील तर काटकोनात. नाहीतर संवादामागे घूंऽऽ ऐकू येत राहतं.

पांझराकाठ: फार मोलाचं. पावसात पत्र्याचा आवाज थांबवायला खालून थर्माकोल चालेल का?

चुनकळी: अजिबात नको. पेटतं, आणि आवाज अडवायला त्यात वजनच नाही. पत्र्याखाली 50 मिलिमीटर रॉकवूल (दगडी लोकर), त्याखाली रबरी हँगरवर टांगलेले जिप्समचे दोन थर. याचं वजन चौरस मीटरला 20 किलोच्या आसपास जातं, तेव्हा कैच्या तपासणाऱ्या इंजिनिअरची लेखी संमती घेतल्याशिवाय टांगू नका. तोवर प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच लावा.

रंगपट: आणि तो इंजिनिअर कलम 36 च्या अर्जाआधीच बोलवा. त्याचा अहवाल अर्जासोबत जोडा, भाडं कमी धरलं असेल तर ते का, हे त्यातून दाखवता येईल.