मदत हवी आहे: एक्सेलच्या एकाच सेलमधले फक्त काही शब्द बोल्ड कसे करायचे? (अर्जंट)

वर्गशिक्षिका_पाचवी:
एका सेलमधे बराच मजकूर आहे, त्यातले दोन-तीन शब्दच बोल्ड हवेत, बाकीचं साधं. बोल्ड दाबलं की अख्खा सेल बोल्ड होतो. सकाळपासून याच्यातच अडकलेय आणि उद्या दुपारी फाईल द्यायचीय. कुणाला येत असेल तर पटकन सांगा प्लीज.

गारवा:
सेलवर डबल क्लिक करा किंवा एफ टू दाबा म्हणजे कर्सर आत जाईल. हवे तेवढेच शब्द सिलेक्ट करा, कंट्रोल बी, एंटर. झालं.

वर्गशिक्षिका_पाचवी:
केलं हो ते. डबल क्लिक केलं की माझा मजकूरच जातो आणि भलतंच काहीतरी दिसतं.

खटपट्या:
भलतंच म्हणजे काय? सुरुवातीला बरोबरचं चिन्ह दिसतंय का? एक्सेल कुठलं, कॉम्प्युटरवर की मोबाईलवर? एवढं सांगितल्याशिवाय नुसते अंदाज बांधत बसू आपण.

देशमुख_वाडा:
कंडिशनल फॉरमॅटिंग वापरा. त्यात 'टेक्स्ट दॅट कंटेन्स' असतं, शब्द टाकला की आपोआप बोल्ड.

गारवा:
देशमुख, त्याने पूर्ण सेल बोल्ड होतो, शब्द नाही. त्यांना नेमकं तेच नकोय.

वर्गशिक्षिका_पाचवी:
हो, बरोबरचं चिन्ह आहे. ऑफिस २०१६, शाळेचा लॅपटॉप. वर्णनात्मक नोंदी आहेत. तीन कॉलममधल्या नोंदी फॉर्म्युल्याने एका सेलमधे जोडल्यात, प्रत्येकीच्या आधी शीर्षक आहे: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. ही तीन शीर्षकं फक्त ठळक हवीत. २३६ मुलं आहेत.

खटपट्या:
हे आधी सांगायचं ना ताई! फॉर्म्युल्याच्या उत्तरातला तुकडा एक्सेलमधे वेगळा फॉरमॅट करताच येत नाही. गूगल शीट्समधेही नाही आणि लिब्रेऑफिसमधेही नाही. साधा टाईप केलेला मजकूर असेल तरच जमतं. म्हणून आधी शीटची एक कॉपी करून बाजूला ठेवा, मग तो कॉलम कॉपी करून त्याच जागी पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज पेस्ट करा. फॉर्म्युला जाईल, मजकूर राहील, मग गारवांनी सांगितलंय तसं करा.

वर्गशिक्षिका_पाचवी:
एका सेलवर करून बघितलं, झालं!! पण २३६ गुणिले ३ म्हणजे सातशेच्या वर वेळा सिलेक्ट करू का आता?

मेलमर्ज_प्रेमी:
मुळात सगळं एका सेलमधे जोडायचंच कशाला? कॉलम वेगळे राहू द्या आणि वर्डमधे मेल मर्ज करा. शीर्षकं वर्डमधे एकदाच बोल्ड करून ठेवायची, २३६ प्रगतीपत्रकं तयार. मी सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिसा सहा वर्षं अशाच काढतोय.

वर्गशिक्षिका_पाचवी:
केंद्रावरून एक्सेलचा नमुना आलाय, त्यात नोंदींना एकच रकाना आहे. वर्ड घेत नाहीत.

मेलमर्ज_प्रेमी:
मग नमुनाच चुकीचा आहे, त्यांना सांगायला हवं.

खटपट्या:
नंतर सांगतील हो, त्यांना उद्या द्यायचंय. ताई, मॅक्रो लागेल, म्हणजे तेच काम आपोआप परत परत करणारा छोटा प्रोग्रॅम. व्हीबीएमधे, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रो लिहायच्या भाषेत, सेलच्या कॅरॅक्टर्सला सुरुवात आणि लांबी दिली की तेवढाच तुकडा बोल्ड करता येतो. ऑल्ट एफ इलेव्हन, इन्सर्ट, मॉड्यूल. कोड व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

जुना_टंकलेखक:
मी श्रीलिपीत (जुनं, युनिकोड नसलेल्या फॉन्टचं मराठी सॉफ्टवेअर) काम करायचो तेव्हा मराठी-इंग्रजी एका सेलमधे आलं की हाच त्रास. इंग्रजी भागाला वेगळा फॉन्ट द्यावा लागे आणि फॉर्म्युल्याने जोडलं की सगळं एकाच फॉन्टमधे जाऊन अर्धी ओळ वाचताच यायची नाही. तुमचा मजकूर युनिकोड आहे ना, ते आधी तपासा.

वर्गशिक्षिका_पाचवी:
युनिकोडच आहे. खटपट्या, कोडमधे 'विशेष प्रगती' पेस्ट केलं तर नुसती प्रश्नचिन्हं येतायत!

देशमुख_वाडा:
मग शब्द शोधूच नका. विशेष प्रगती नेहमी सुरुवातीलाच आहे ना? १ पासून ७ अक्षरं बोल्ड करा.

खटपट्या:
७ नाही, १२. एक्सेल वेलांटी, मात्रा, पाय मोडल्याचं चिन्ह सगळं वेगळं मोजतं. एका सेलमधे लेन हा अक्षरं मोजणारा फॉर्म्युला लावून बघा, नुसत्या 'प्रगती'चे ६ येतात. ७ दिलेत तर बोल्ड 'प्र'च्या मधेच थांबेल. आणि दुसरी-तिसरी शीर्षकं प्रत्येक मुलाच्या सेलमधे वेगळ्या जागी असणार, ती शोधावीच लागतील.
ताई, प्रश्नचिन्हांचं कारण म्हणजे व्हीबीएच्या खिडकीला देवनागरी झेपत नाही. तीन शीर्षकं शीटवरच बाजूच्या तीन रिकाम्या सेलमधे लिहा, मॅक्रो तिथूनच वाचेल आणि लांबीही स्वतःच मोजेल. सुधारलेला कोड पाठवलाय.

सातबारा:
मला चौरस मीटरचा छोटा २ टाकायला असंच शोधावं लागलं होतं. तेवढाच आकडा सिलेक्ट करून कंट्रोल वन, सुपरस्क्रिप्टवर टिक. किंवा ऑल्ट धरून नंबरपॅडवर ०१७८.

दुर्वा:
अवांतर: २३६ मुलांना तीनच साच्यातल्या नोंदी जोडून काय कळतं पालकांना? माझ्या मुलीच्या पत्रकावर तीन वर्षं 'चित्रकलेची आवड आहे' येतंय, तिने हातात ब्रश धरलेला नाही.

वर्गशिक्षिका_पाचवी:
दुर्वाताई, पटतं तुमचं. पण पाचवीच्या सगळ्या तुकड्यांची फाईल माझ्याकडे आहे आणि नोंदी त्या त्या वर्गशिक्षकांनीच लिहिल्यात, माझ्या वर्गाच्या मी एकेक मूल डोळ्यासमोर आणून लिहिल्यात. म्हणून तर शीर्षकं उठून दिसायला हवीत, नाहीतर सलग मजकूर कुणी वाचत नाही.
खटपट्या, चाललं!!! सगळं झालं. पण 'प्रगति' असं ऱ्हस्व पडलेलं काही नोंदींत दिसलं म्हणून रिप्लेस ऑल केलं, तर ते सेल पूर्ण बोल्ड झाले. आता?

खटपट्या:
रिप्लेस केलं की सेलमधलं मिश्र फॉरमॅटिंग जातं आणि पहिल्या अक्षराचं सगळ्याला लागतं, तुमचं पहिलं अक्षर बोल्ड होतं. तो कॉलम सिलेक्ट करून बोल्ड काढा आणि मॅक्रो परत चालवा. शुद्धलेखन आधी, बोल्ड शेवटी. देताना फाईल साध्या एक्सेल वर्कबुक प्रकारातच सेव्ह करा, मॅक्रो निघून जाईल पण बोल्ड राहील, म्हणजे केंद्रावर उघडताना सूचना यायच्या नाहीत.

वर्गशिक्षिका_पाचवी:
झालं परत. प्रिंट प्रिव्ह्यू पण बघितला, शीर्षकं छान दिसतायत. खूप खूप आभार, गारवा तुमचेही.

मेलमर्ज_प्रेमी:
पुढच्या सत्राला मेल मर्ज करून बघाच.

प्राजक्त७:
हेच मोबाईलवर करता येतं का? माझा सेल मर्ज केलेला आहे.

खटपट्या:
अँड्रॉइड की आयफोन? आणि त्यात फॉर्म्युला आहे का, ते आधी सांगा.