मदत हवी आहे: सासूबाईंच्या जर्मन पणजोबांचं मूळ गाव शोधायचंय

केतकीचं_बन
सासूबाईंचे पणजोबा जर्मनीतून अमेरिकेत आले. त्यांचं गाव नेमकं कोणतं ते हवंय. येत्या उन्हाळ्यात सासूबाईंना तिकडे न्यायचं ठरलंय. त्या ऐंशीच्या आहेत, आता पुढे ढकलणं नको. एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कला स्थलांतरितांची नोंद व्हायची ते केंद्र) साइटवर नाव नाही. जनगणनेत 'प्रशिया' (जर्मनीतलं तेव्हाचं मोठं राज्य), मृत्यूच्या दाखल्यावर 'जर्मनी', बस्स. घरात सगळे 'स्टेटीन' म्हणतात. पण ते तर मोठं बंदर, आणि ही माणसं शेतकरी. नवरा म्हणतो स्टेटीनलाच जाऊन येऊ, मला ते पटत नाही. कुणी असा शोध घेतलाय का? लवकर सांगा, तिकिटं काढायची आहेत.

दर्यावर्दी
आडनाव काय? कोणत्या साली आले? अमेरिकेत कुठे स्थायिक झाले? कॅथलिक की ल्यूथरन (प्रोटेस्टंट)? एवढं कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही. एलिस आयलंड १८९२ला सुरू झालं. त्याआधी न्यूयॉर्कला उतरलेल्यांची नोंद कॅसल गार्डनला व्हायची. आणि न्यूयॉर्कच धरून बसू नका. जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातून बाल्टिमोरला १८६८पासून थेट बोटी होत्या, विस्कॉन्सिनकडे जाणारे पुष्कळ लोक त्या वाटेने आले.

वाटसरू
जर्मन पासपोर्टसाठी करत असाल तर आधी हे वाचा. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे दहा वर्षं सलग देशाबाहेर राहिलं आणि वकिलातीत नाव नोंदवलं नाही, की नागरिकत्व जायचं. तो नियम १९१४ला गेला. १९०४च्या आधी निघालेल्यांच्या वंशजांना म्हणूनच सहसा काही मिळत नाही. माझ्या मेहुण्याने यात बराच पैसा घातला.

केतकीचं_बन
पासपोर्ट नकोय हो, गाव हवंय. आडनाव क्रूगर. १९००च्या जनगणनेत आल्याचं साल १८८१ आहे. नवरा, बायको आणि दोन मुलं असे आले. ल्यूथरन. विस्कॉन्सिनमध्ये वॉसॉजवळ शेती केली, वारले १९११ला.

जनुकशोध
सासूबाईंची डीएनए चाचणी करून टाका. कागद हरवतात, रक्त खोटं बोलत नाही. मी स्वतः केली, चुलत नातलग सापडले.

शाईचा_डाग
नातलग सापडतील, गाव सापडणार नाही. विस्कॉन्सिनमधल्या त्या नातलगांनाही बहुतेक 'प्रशिया'च ठाऊक असतं.

केतकी, स्टेटीनबद्दल. वॉसॉ ज्या मॅरेथॉन काउंटीत आहे, तिथेच स्टेटीन नावाचं टाउनशिप आहे, शहराला लागून पश्चिमेला. बर्लिन आणि हॅम्बर्गही त्याच काउंटीत आहेत. पोमेरेनियातून, म्हणजे प्रशियाच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रांतातून, आलेल्यांनी ही नावं दिली. त्यामुळे 'आमचे आजोबा स्टेटीनचे' याचा अर्थ 'वॉसॉशेजारच्या स्टेटीनचे' असाही निघतो. शिवाय पोमेरेनियात स्टेटीन नुसतं शहर नव्हतं, तो अख्खा प्रशासकीय विभाग होता. त्यात शेकडो खेडी. तुमची शंका रास्त आहे, तिकिटं थांबवा.

हॅम्बर्गकर
इथल्या, हॅम्बर्गच्या, राज्य पुराभिलेखागारात १८५०पासून १९३४पर्यंतच्या प्रवासी याद्या आहेत आणि त्यात निघण्याआधीचं राहण्याचं ठिकाण लिहिलेलं असतं. अमेरिकन यादीत तेव्हा नुसता देश असायचा. अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर सगळ्या मिळतात. पहिलं काम हेच करा. इंग्लंडमार्गे गेलेल्यांच्या याद्या वेगळ्या आहेत, त्याही बघा.

शाईचा_डाग
पहिलं काम ते नव्हे. ब्रेमेनहून निघाले असतील तर काय? तिथल्या कचेरीने जागा नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट केल्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात गेल्या. १९२०च्या पुढच्याच काय त्या हाती लागतात. आणि क्रूगर! जर्मनीत हे आडनाव गल्लोगल्ली. १८८२ साली एका वर्षात अडीच लाखांच्या आसपास जर्मन अमेरिकेला गेले, १८८१ही तसंच गर्दीचं. त्या यादीतले किती क्रूगर तपासणार?

हॅम्बर्गकर
म्हणूनच चौघांचं कुटुंब धरून शोधायचं. एकट्या माणसाचं नाव कुठेही जुळतं. नवरा, बायको, दोन मुलं आणि चौघांची वयं जुळली तर शंका उरत नाही. मी असंच एक कुटुंब शोधून दिलंय. क्रूगरची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हेने टाका.

शाईचा_डाग
हॅम्बर्गला सापडलं तर आनंदच आहे. पण केतकीच्या हाताशी आहे ते वॉसॉचं चर्च. ल्यूथरन पास्टर दफनाच्या नोंदीत जन्मगाव लिहायचे, पुष्कळदा जिल्ह्यासकट. सरकारी दाखल्यावर 'जर्मनी' लिहिणारा कारकून आणि गावचाच पास्टर यांत फरक आहे. चर्च बंद झालं असेल तर त्याच्या सिनडच्या, म्हणजे चर्चांच्या संघटनेच्या, संग्रहाला विचारा. मिसूरी सिनडचा संग्रह सेंट लुईला आहे. मुलांच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण होते तेही उतरवून घ्या. शेजारीपाजारी बहुतेक एकाच भागातून आलेले असतात.

आजोळ
छान धागा. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि गाव सांगितलं की पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी निघतात. आमच्या खापरपणजोबांची सही बघून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दर्यावर्दी
हरिद्वारच्या वह्यांचं तर यूटाच्या मॉर्मन मंडळींनी मायक्रोफिल्मवर चित्रण केलं. तेच लोक फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट चालवतात, जे केतकीनेही बघावं. फुकट आहे. आजोळ, आडनावावरून उपाध्याय कोण ते कसं कळलं? आम्हाला हवंय.

केतकीचं_बन
त्र्यंबकसाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज. हॅम्बर्गच्या यादीत आमचं चौघांचं कुटुंब नाही, सगळी स्पेलिंगं टाकून बघितली. पण चर्चच्या कार्यालयातल्या बाईंनी दफनाच्या नोंदीचा फोटो पाठवलाय! जुनी जर्मन लिपी आहे, मला ओ की ठो कळत नाही. गूगलही वाचत नाही. फोटो जोडलाय. मोठा मुलगा १८७८चा आहे, याचा काही उपयोग?

शाईचा_डाग
खूप उपयोग. प्रशियात १ ऑक्टोबर १८७४पासून सरकारी जन्मनोंद सुरू झाली. म्हणजे त्या मुलाचा जन्म चर्चशिवाय नागरी नोंदवहीतही असणार. पणजोबांचा जन्म त्याआधीचा, तो फक्त चर्चच्या पुस्तकात, आणि पोमेरेनियातली कितीतरी चर्चची पुस्तकं १९४५मध्ये गेली. म्हणून मुलाच्या नोंदीवर भर द्या.

फोटोत 'पोमर्न', म्हणजे पोमेरेनिया, स्वच्छ आहे. त्याआधी 'क्राइस रेगेनवाल्ड' आहे, म्हणजे रेगेनवाल्ड जिल्हा. गावाचं नाव शाईच्या डागात गेलंय, शेवटची अक्षरं 'ओ' आणि 'डब्ल्यू' वाटतात.

हॅम्बर्गकर
मलाही रेगेनवाल्डच दिसतं. हा भाग आता पोलंडमध्ये आहे. रेगेनवाल्डचं नाव आज रेस्को, पण जिल्ह्याची कचेरी लाबेसला होती, आजचं वॉबेझ. नोंदी शोधताना दोन्ही नावं लागतील. पोलंडमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी राज्य पुराभिलेखागाराकडे जातात, तुमच्यासाठी श्चेचिन, म्हणजेच जुनं स्टेटीन. त्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर बऱ्याच वह्यांची स्कॅन फुकट बघता येतात.

केतकीचं_बन
म्हणजे जर्मनीला जायचंच नाही?! सासूबाईंना आत्ताच सांगितलं, त्या नकाशा घेऊन बसल्यात. पण 'ओडब्ल्यू'ने संपणारी गावं किती असतील तिथे?

जनुकशोध
पुष्कळ. म्हणूनच डीएनए म्हणत होतो.

शाईचा_डाग
पुष्कळ आहेत, पण जिल्हा एकच आहे. १९१२च्या मायर्स गॅझेटियरची, म्हणजे जर्मन गावांच्या कोशाची, ऑनलाइन आवृत्ती उघडा. तिथे आधी तारांकन टाकून नावाची फक्त शेवटची अक्षरं देता येतात, जिल्ह्याची चाळणीही लावता येते. यादी इथे टाका. प्रत्येक गावाजवळचं प्रोटेस्टंट चर्च कुठलं तेही तिथेच दिसतं.

आणि त्याच पास्टरच्या हातची आधीची दोन-तीन पानं मिळवा. मोडी वाचताना करतो तेच करायचं. दुसऱ्या नोंदीत जे अक्षर नक्की ओळखता येतं ते या डागातल्या अक्षराशी ताडून बघायचं. पहिलं अक्षर एकदा पक्कं झालं की यादीत दोन-तीनच गावं उरतील. फोटो जरा जवळून आणि तिरप्या उजेडात काढायला सांगा.

केतकीचं_बन
बाईंना लगेच मेल केली. सोमवारी चर्चचं कार्यालय उघडतं, फोटो आले की टाकते. तिकिटं श्चेचिनपर्यंतची काढू का?

हॅम्बर्गकर
बर्लिनपर्यंतची काढा. तिथून गाडीने जाता येतं, आणि गाव कुठलंही निघालं तरी अडणार नाही.