अनुभव धागा: "तुला येतंय की, तूच कर"

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या मराठी शाळांमधल्या शिक्षकांनी इथं लिहावं. साठीला टेकलेले गुरुजी-बाई आणि कालपरवा रुजू झालेले सर-मॅडम एकाच स्टाफरूममध्ये बसतात. कुठं घासतं, कसं निभावता? "आमच्याकडं सगळं छान" असलं नको. शाळेचं नाव घालू नका.

सहशिक्षिका, खानापूर तालुका
आमची शाळा कणकुंबीच्या बाजूला. पावसाळ्यात लाईट आणि रेंज जोडीनं जातात. एसएटीएसवर (कर्नाटक सरकारचं पोरांच्या नोंदीचं पोर्टल) पोरांची नोंद, अक्षर दासोहचा म्हणजे दुपारच्या जेवणाचा हिशेब, दूध पावडरचा साठा, सीआरपींनी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे) सकाळी ग्रुपवर टाकलेली "तातडीची माहिती", सगळं माझ्या गळ्यात. का? तर "तुला येतंय की गं." ओटीपी जातो मुख्याध्यापकांच्या फोनवर आणि फोन असतो टेबलाच्या खणात, आवाज बंद करून. आकडा विचारायला वर्ग सोडून पळायचं, तोवर मुदत संपलेली. मागं वर्गात गोंधळ झाला तर ऐकून घ्यायचं ते मीच. कौतुक नको, तास कमी करा.

मुख्याध्यापक, चिक्कोडी भाग
वरच्या मॅडमचं खरं आहे. पण आमचंही ऐका. 2009-10 मध्ये नली-कली, म्हणजे गाणी-खेळ आणि कार्डांवरून शिकवायची पद्धत, राज्यभर सरकारी शाळांत आली तेव्हा आम्ही चाळिशी ओलांडलेली. प्रशिक्षणात टाळ्या वाजवून गाणी म्हटली, लाज सोडून. पहिली ते तिसरीची पोरं एकत्र, पाच गट: एकाला शिक्षक पूर्ण हाताशी लागतो, एक आपलं आपण शिकतो, बाकीचे मधले. नवीन सर कार्डं वाटतात आणि पाचही गटांत उभ्या उभ्या फिरत राहतात. मदत लागणाऱ्या गटाजवळ बूड टेकून बसावं लागतं, तेव्हा बाकीचे चार आपोआप चालतात. हे सांगितलं की "जुन्या काळचं" म्हणून हसतात.
आता असं ठरवलंय: तिसऱ्या तासाला मी त्यांच्या वर्गावर, ते माझ्या खुर्चीत बसून लॉगिनची कामं उरकतात. वेळापत्रकात लिहून टाकलंय. तोंडी ठरलेलं आठवड्यात विरतं.

हायस्कूल शिक्षक, निपाणी
आमच्यात भांडण मोबाईलचं नाही, पेन्शनचं. 1 एप्रिल 2006 च्या आधी लागलेले जुन्या पेन्शनवाले एका बाकावर, आम्ही एनपीएसवाले (नव्या पेन्शन योजनेतले) दुसऱ्या. एक ज्येष्ठ सर एसएसएलसीच्या (दहावीच्या) जादा तासांवरून म्हणाले, "आमच्या वेळी निष्ठा होती." एकानं चहा ढवळत उत्तर दिलं, "सर, तुमच्या निष्ठेला पेन्शन आहे." पुढं दोन दिवस अबोला. जादा तासांचं वाटप अजून झालेलं नाही.

अतिथी शिक्षक, बेळगाव तालुका
धाग्यात पिढ्या दोनच धरल्यात. मी तिसरा. वयानं कायम शिक्षकांपेक्षा मोठा, हुद्द्यानं शेवटचा. दरवर्षी नव्यानं नेमणूक, मानधन उशिरा. माझ्या मुलाच्या वयाचे सर मला "अहो, जरा झेरॉक्स काढून आणा की" म्हणतात. रागानं नाही म्हणत, पण म्हणतात.

सहशिक्षिका, अथणी तालुका
आमचं जमतं. ऑफिसची पत्रं कन्नडमध्ये. मला कन्नड लिहिता येतं, आमच्या मोठ्या बाईंना वाचताना अडखळायला होतं. पण बीईओ ऑफिसला (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं) काय लिहायचं नाही हे त्यांनाच ठाऊक. मागं वर्गखोली गळतीचं पत्र मी दोन पानी केलेलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाऱ्हाणं काढ. खोली क्रमांक, किती पोरं बसतात आणि एसडीएमसीच्या (शाळा समितीच्या) ठरावाची तारीख, एवढंच ठेव." अर्ध्या पानात मावलं. इंजिनिअर येऊन बघून गेले. छपराचे पत्रे अजून बदललेले नाहीत, ते सोडा.

निवृत्तीजवळचे गुरुजी, खानापूर तालुका
खणातल्या फोनसाठी: आम्ही शाळेचा वेगळा नंबर घेतला, रिचार्ज एसडीएमसीचे अध्यक्ष भरतात. ज्याच्याकडं काम त्याच्या हातात फोन. मुख्याध्यापकांनी आधी कुरकुर केली, मग त्यांनाच बरं वाटलं, रात्री नऊला फोन वाजायचे थांबले.

सहशिक्षिका, खानापूर तालुका
गुरुजी, विचारून बघते. नंबर बदलायचा अर्ज कन्नडमध्ये द्यायचा का? अथणीच्या मॅडम, नमुना असला तर टाका की.