'श्वसन निकामी' : घरच्यांना सांगायला योग्य शब्द आहे का?

आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर 'टाइप २ रेस्पिरेटरी फेल्युअर' लिहिलंय. मी घरी 'श्वसन निकामी झालं होतं' असं सांगितलं, तर आजीने रडायलाच सुरुवात केली. आत्या समोर बसून चहा पीत होती! दुसरा शब्द सुचवा. आणि टाइप २ म्हणजे दुसरी स्टेज का?

— स्टेज नाही, प्रकार. आयसीयूत ड्यूटी करते, म्हणून सांगते. टाइप १ मध्ये रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत त्याचा दाब ६० mmHg च्या खाली येतो; न्यूमोनियात हे बरेचदा दिसतं. टाइप २ मध्ये त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडही नीट बाहेर पडत नाही, साठतो, त्याच तपासणीत ४५ mmHg च्या वर जातो. पहिल्याला 'धाप' हा शब्द चपखल बसतो. दुसऱ्यात मात्र पेशंट कधीकधी शांत होतो, गुंगीत जातो आणि नातेवाईक म्हणतात, 'आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका.' बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर हा साठा कळतच नाही.

— टाइप २ ला फुप्फुसंच खराब असायला हवीत असंही नाही. मण्यार चावली की आधी पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. भाता शाबूत, ओढणारा हात थकला. म्हणून 'फुप्फुसं निकामी' हे भाषांतर तर साफ चूक.

— 'निकामी' म्हणजे कामातून गेलेलं, मिक्सर निकामी होतो तसं. फेल्युअरमध्ये तेवढं टोक नाही. 'श्वास अपुरा पडणे' म्हणा. 'श्वसन-अपुरेपणा' कागदावर ठीक, तोंडात बसत नाही.

— मूळ प्रश्नकर्ता: 'अपुरा' घेतला. आत्याला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, तीस वर्षं चुलीपुढे. आजीला म्हटलं, चूल पेटतेय पण धुराडं तुंबलंय; लगेच कळलं तिला. एक मात्र चुकत होतं आमचं: ऑक्सिमीटरवर ९८ आकडा दिसावा म्हणून घरी ऑक्सिजन वाढवत होतो.

— नका वाढवू! अशा पेशंटना साधारण ८८ ते ९२ पुरतं. जास्त दिला की कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या, आणि सकाळी डोकं जड वाटतं का, तेही आत्यालाच विचारा; कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची ती खूण असू शकते.